खून, भूत, यंत्रमानव आणि साहित्य संमेलन

समजा तुम्ही नागपुरात राहता आणि रहस्यकथा लिहिता. गांधीसागर तलावात भल्या पहाटे एक प्रेत तरंगताना दिसतं आणि महालात राहणारा एक निवृत्त पोस्टमन त्या खुनाचा छडा लावतो, अशी दीडेकशे पानं लिहून तयार आहेत. घरच्यांनी वाचली, दोन मित्रांनी वाचली, ‘मस्त जमलंय’ म्हणाले. पुढं काय, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘संमेलनाला जाऊन ये.’ सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट. तिथं जाऊन करायचं काय, हे सांगायला सल्ला देणारा थांबत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचं वेगळं, दरवर्षी भरणारं मोठं संमेलन मराठीत नाही. अमेरिकेत आहे. विज्ञानकथेच्या वाचक-लेखकांचं ‘वर्ल्डकॉन’ १९३९ साली न्यूयॉर्कला पहिल्यांदा भरलं, तेव्हा दोनशेच्या आसपास माणसं जमली होती. रहस्यकथेचं ‘बाऊचरकॉन’ १९७० पासून भरतं; अँथनी बाऊचर या समीक्षक-संपादकाचं नाव त्याला दिलेलं आहे. तिकडच्या लेखक-परिषदांमध्ये एका खोलीत विषप्रयोगावर चर्चा, दुसरीत पोलीस तपासावर, आणि काही ठिकाणी साहित्य-एजंटासमोर बसून आपली कादंबरी दहा मिनिटांत मांडायची वेळ आधीच ठरवून मिळते. आपल्याकडे एजंट ही जमात जवळपास नाहीच. लेखक थेट प्रकाशकाकडे जातो. एका अर्थानं हे सोपं आहे, पण मधला माणूस नसल्यामुळे त्याची कामंही लेखकालाच करावी लागतात.

आपल्याकडे वाचक कमी होता म्हणून असं झालं म्हणावं, तर तसंही नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या; झुंजार आणि काळापहाड ही नावं दोन पिढ्यांच्या तोंडी होती. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्याही त्याच हिशेबात मोजाव्या लागतात. नारायण धारपांची पुस्तकं खासगी वाचनालयांतून पानं सुटेपर्यंत फिरली. सुहास शिरवळकर कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतले. पण या मंडळींना एकत्र बसवून ‘तुम्ही हे कसं करता’ असं विचारणारं व्यासपीठ उभं राहिलं नाही. वाचनालयात मान आणि संमेलनात कोपरा, असाच एकूण व्यवहार होता. म्हणून नव्या लेखकानं आहे त्या संमेलनातच आपली जागा शोधायची.

ती कशी शोधायची हे कळण्यासाठी या व्यवस्थेचा ढाचा थोडक्यात समजून घेऊ. साहित्य संमेलनाची सुरुवातच मुळी ‘ग्रंथकारांची सभा’ म्हणून झाली, १८७८ साली पुण्यात, न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली. आजचं संमेलन अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ भरवतं. महामंडळ १९६१ चं. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद आणि आपला विदर्भ साहित्य संघ या त्याच्या मुख्य घटक संस्था, आणि महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी यांच्यात फिरतं. २०१६ ते २०१९ ते नागपुरात होतं. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ च्या मकरसंक्रांतीला अमरावतीत झाली. आज त्याचं मुख्य ठाणं सीताबर्डीवर झाशी राणी चौकात आहे, मेट्रोचं स्टेशन अगदी शेजारी.

तुमचा पहिला फेरा याच चौकात व्हायला हवा. दीडेकशे पानांचा गठ्ठा घरीच ठेवा. संघाचं नियतकालिक ‘युगवाणी’ चाळा, येत्या महिन्यात काय कार्यक्रम आहेत ते विचारा, सभासद कसं होतात ते विचारा. संघ स्वतःचं विदर्भ साहित्य संमेलनही भरवतो, आणि पहिलटकरानं अखिल भारतीयच्या आधी ते गाठावं असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं गर्दी बेताची असते, वक्ता जेवणाच्या रांगेत तुमच्याच मागे उभा असतो आणि आपलं माणूस म्हणून बोलतो. अखिल भारतीय संमेलनात त्याच वक्त्याभोवती सेल्फी घेणारे वीस जण असतात.

तरीही मोठं संमेलन एकदा बघायला हवंच. नागपूरला ते १९३३ साली झालं, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर अध्यक्ष होते. अलीकडे २००७ चं ऐंशिवावं संमेलन नागपूरला झालं, अध्यक्ष अरुण साधू. ‘सिंहासन’वाले साधू सगळ्यांना माहीत आहेत, पण मूळ परतवाड्याच्या या माणसानं ‘विप्लवा’ ही विज्ञान-कादंबरीही लिहिली, हे संमेलनातल्या कितीजणांच्या लक्षात होतं कोण जाणे. पुढं फेब्रुवारी २०२३ मध्ये संघाच्या शताब्दीच्या निमित्तानं शहाण्णवावं संमेलन वर्ध्याला भरलं, म्हणजे नागपूरकरांना सकाळची गाडी पकडून जायचं आणि रात्री घरी यायचं इतकं जवळ.

जाण्याचे दोन मार्ग आहेत. नुसतं मंडपात जाऊन बसायचं असेल तर सहसा कुणी अडवत नाही. प्रतिनिधी म्हणून नोंदणी केली तर शुल्क भरावं लागतं, त्यात राहण्या-जेवणाची सोय येते. हातात पिशवी पडते: कार्यक्रमपत्रिका, गळ्यात घालायचं ओळखपत्र, जेवणाची कुपनं, असलीच तर स्मरणिका. कार्यक्रमपत्रिका त्याच रात्री पेन घेऊन वाचावी. एकाच वेळी दोन-तीन मंडपांत कार्यक्रम चालतात, आणि आपल्या कामाचा परिसंवाद बहुधा सर्वांत लहान मंडपात, दुपारी जेवणावर असतो.

ग्रंथदिंडी, उद्घाटन, स्वागताध्यक्षांचं भाषण, मंत्र्यांचं भाषण, शाल-श्रीफळ याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकदा पाहावं. वेळ पाळली जात नाही, पुढच्या रांगा राखीव असतात आणि बोलणाऱ्याच्या हातात सूत्रसंचालकानं चिठ्ठी सरकवली की समजायचं, वेळ संपून बराच वेळ झाला आहे. अध्यक्षीय भाषण मात्र छापील मिळतं, ते घ्यावंच. मराठी साहित्य व्यवहार त्या वर्षी स्वतःबद्दल काय विचार करतोय ते त्यात दिसतं.

आणि आपल्या प्रकारच्या लेखनाची दखल कधी घेतली गेली तर ती अशाच भाषणांतून घेतली गेली. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी आपल्या भाषणात जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथेचा उल्लेख केला. आणीबाणीमुळे ते संमेलन इतकं गाजलं की ही गोष्ट मागे पडली. पण विज्ञानकथा म्हणजे पोरांसाठीचं वाचन, हा समज मोडायला अध्यक्षपदावरून आलेला तो उल्लेख फार कामी आला.

त्याच्या वर्षभर आधीची हकिकत नव्या लेखकानं नीट समजून घ्यावी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण स्वतःच्या नावानं पाठवली नाही. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ‘नारायण विनायक जगताप’ असं टोपणनाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. नावाच्या वजनावर नंबर लागलाय का, ही शंकाच त्यांनी ठेवली नाही. तुम्हाला टोपणनावाची गरज नाही, कारण तुमचं नाव आजच कुणाला माहीत नाही. परीक्षकासमोर कथा एकटीच जाते आणि स्पर्धेत नवख्याचा फायदा आहे तो इथंच. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, वार्षिक अधिवेशन भरवते आणि तिचा नागपूर विभागही आहे. विज्ञानकथा लिहिणाऱ्यानं साहित्य संघाइतकीच ओळख तिथं करून घ्यावी. तिथं भेटणारे निवृत्त अभियंते आणि प्राध्यापक तुमच्या यंत्रमानवाची बॅटरी किती तास चालेल, हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत, आणि हा प्रश्न समीक्षकांच्या दहा प्रश्नांपेक्षा उपयोगी असतो.

नारळीकर स्वतः संमेलनाध्यक्ष झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये, नाशिकला. प्रकृतीमुळे त्यांना जाता आलं नाही, ही वेगळी चुटपुट. महामंडळानं २०१८ साली अध्यक्षपदाची निवडणूक बंद करून सन्मानानं निवड करायची पद्धत आणली नसती, तर मतांसाठी गावोगाव फिरून नारळीकर त्या पदावर बसले असते असं मला वाटत नाही.

आता मंडपात परत येऊ. कवीसाठी संमेलनात कविकट्टा असतो. आधी कविता पाठवा, निवड झाली की वाचा. कथालेखकाला बहुतेक ठिकाणी अशी खुली जागा नसते. कथाकथन असतं, पण ते निमंत्रितांचं. तिथं ऐकायला बसा आणि मंचापेक्षा श्रोत्यांकडे जास्त लक्ष द्या. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकरांनी कथाकथन गावोगाव नेलं, त्यामुळे कथाकथन म्हणजे ग्रामीण विनोदी कथा असा साचा पडला. रत्नाकर मतकरींनी गूढकथा सांगूनही सभागृह धरून ठेवता येतं हे दाखवलं. कुठल्या वाक्याला खुर्च्यांचा आवाज थांबतो, कुठं माणसं मोबाइल काढतात, हे बघितलं की आपल्या कथेत तिसऱ्या पानावर काय बिघडलंय ते परिसंवाद न ऐकता कळतं.

भीतीची गोष्ट तर मुळात सांगण्याचीच चीज आहे. ‘तुंबाड’ हा २०१८ चा चित्रपट ज्या बीजातून उगवला, ते दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्या कानावर पडलं १९९३ साली, आपल्याच विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात. मित्रानं त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ती ऐकून त्यांची पाचावर धारण बसली. पुस्तक हातात नव्हतं. होती फक्त सांगणाऱ्याची जीभ. संमेलनाच्या निवासव्यवस्थेत, शाळेच्या वर्गात गाद्या टाकून झोपायची वेळ आली, तर कुरकुर करू नका. रात्री तिथं जे सांगितलं-ऐकलं जातं ते कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं नसतं.

आणि आता मुख्य जागा: ग्रंथदालन. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्या कथालेखकानं आपल्या वेळेचा निम्मा भाग इथं घालवावा. गाळ्यांच्या रांगा असतात. मोठ्या प्रकाशनांच्या गाळ्यावर विक्रीची माणसं असतात, त्यांना हस्तलिखित देऊन काही उपयोग नाही. लहान आणि मध्यम प्रकाशनांच्या गाळ्यावर मालक स्वतः पावत्या फाडत बसलेला असतो. नागपूरचेच विजय प्रकाशन, साहित्य प्रसार केंद्र असे प्रकाशक आहेत, ते तर बारा महिने सीताबर्डीवर भेटतात. पण संमेलनात पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-औरंगाबादचेही एका छताखाली येतात. संध्याकाळी खरेदीची झुंबड असते, तेव्हा जाऊ नका. मुख्य मंडपात मोठं भाषण चालू असतं तेव्हा दालन रिकामं पडतं आणि प्रकाशकाला गप्पा मारायला माणूस हवा असतो. आधी त्याची पुस्तकं बघा. रहस्यकथा छापतो का, कुणाच्या छापतो, मुखपृष्ठं कशी असतात. एखादं पुस्तक विकत घ्या. शिष्टाचार म्हणून नाही, त्यानं काय छापलंय हे तुम्हाला कळावं म्हणून.

मग संवाद साधारण असा होतो.

‘लिहिता वाटतं?’

‘हो, थोडंफार.’

‘कविता तर नाही ना, भाऊ?’

‘नाही. रहस्यकादंबरी आहे.’

इथं त्याचा चेहरा किंचित सुटतो. ‘किती पानं? गोष्ट काय?’

नवखा लेखक इथं घोटाळा करतो: नायकाच्या बालपणापासून सुरुवात करतो, आणि तिसऱ्या मिनिटाला प्रकाशक गिऱ्हाइकाकडे वळतो. दोन वाक्यं पुरतात. ‘गांधीसागरात प्रेत सापडतं, खिशात भिजलेलं पाकीट असतं. त्यावरचा पुसट शिक्का कुठल्या पोस्टाचा, हे शहरात एका निवृत्त पोस्टमनलाच ओळखता येतं.’ एवढं सांगून थांबा. पुढचा प्रश्न त्यानं विचारला तर ठीक, नाही विचारला तर तुमची पहिली दोन वाक्यं अजून जमलेली नाहीत. ही वाक्यं घरी तयार करावीत, मोठ्यानं म्हणून बघावीत. अमेरिकन लेखक त्या दहा मिनिटांच्या भेटीसाठी जी तालीम करतो, तीच आपण गाळ्यासमोर उभं राहून वापरायची.

हस्तलिखित त्याच्या हातात कोंबू नका. संमेलनातून त्याला शंभर पुस्तकांचे गठ्ठे परत न्यायचे असतात. कुठं आणि कसं पाठवू, एवढंच विचारा. बहुतेक जण युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल मागतात. जुन्या फाँटमधली फाइल उघडली तर अक्षरांचा चिवडा होतो आणि ती तशीच पडून राहते. आणि एखादा प्रकाशक ‘छापू, पण छपाईचा खर्च तुमचा’ असं म्हणालाच, तर तो तुमचा लेखक म्हणून विचार करत नाहीये, तुम्ही त्याचे गिऱ्हाईक आहात. हा व्यवहार बेकायदेशीर नाही. करायचा तर प्रती किती, विक्रीची जबाबदारी कुणाची, उरलेल्या प्रती कुणाच्या घरी, हे लिहून घेऊन करावा.

कादंबरीच्या आधी चार-सहा कथा छापून आलेल्या असतील तर या सगळ्या बोलण्याला वजन येतं, आणि कथेची मराठीतली खरी बाजारपेठ दिवाळी अंक. ही परंपरा १९०९ च्या ‘मासिक मनोरंजन’पासूनची. रहस्य, गूढ आणि विज्ञानकथांना हक्काची जागा देणारे अंक मोजकेच: ‘धनंजय’ हे त्यातलं ठळक नाव, आणि जुन्या वाचकांना अनंत अंतरकरांचा ‘नवल’ आठवेल. दिवाळीला अंक येतो म्हणून नवरात्रात कथा पाठवणारे लेखक दरवर्षी निघतात. तोवर अंक छापखान्यात गेलेला असतो. पावसाळा लागता लागता कथा संपादकाकडे पोचायला हवी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या संमेलनात झालेली ओळख ताजी असतानाच लिहायला बसायचं.

संमेलनात लेखकाला सहसा मिळत नाही ती एकच गोष्ट, आपल्या कथेवर रोखठोक चर्चा. ती नागपुरात परत येऊन स्वतः उभी करावी लागते. अमेरिकेत डेमन नाइट या विज्ञानकथाकारानं १९५६ साली मिलफर्ड गावी लेखकांची बैठक सुरू केली, तिची रीत आजही जगभर चालते. सगळ्यांनी कथा आधी वाचून यायची. वर्तुळात बसून प्रत्येकानं ठरलेल्या मिनिटांत आपलं म्हणणं मांडायचं. लेखकानं तोवर तोंड उघडायचं नाही, अगदी शेवटी बोलायचं. आपल्या वैदर्भी स्वभावाला हा गप्प बसण्याचा भाग फार जड जातो. तिसऱ्याच वक्त्याला ‘अरे, पण मी तिथं लिहिलंय ना’ असं कुणीतरी अडवतंच. नियम मोडू द्यायचा नाही. जे समजावून सांगावं लागतंय, ते कथेत उतरलेलं नाही. संमेलनात भेटलेले पाच-सहा जण आणि एक रिकामी खोली, एवढं भांडवल याला पुरतं. मोठं सभागृह लागत नाही.

प्रकाशकाचं पत्र आलं की लेखक आनंदात कशावरही सही करतो, म्हणून कराराबद्दल चार शब्द. आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा. कथा लिहून झाली की तिचा हक्क तुमचाच असतो, नोंदणी केली नाही तरी. तो तुमच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी हे नसेल तर भारत. रहस्य आणि भयकथेच्या बाबतीत ध्वनिपुस्तक, वेबमालिका, चित्रपट यांचे हक्क छापील पुस्तकापेक्षा मोलाचे ठरू शकतात. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आल्यापासून मराठीत ऐकण्याचा बाजारही उभा राहिला आहे. तेव्हा ‘सर्व हक्क’ असं मोघम लिहिलेलं असेल तर ते खोडून ‘मराठी छापील पुस्तकाचे हक्क’ असं लिहून मागा. चांगला प्रकाशक याचा राग धरत नाही. आणखी एक तरतूद फार थोड्या लेखकांना माहीत असते. हक्क घेऊन प्रकाशकानं वर्षभरात त्याचा वापरच केला नाही, आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते हक्क तुमच्याकडे परत येतात. म्हणून करारावर तारीख घातली आहे की नाही ते सही करण्याआधी बघा. त्या वर्षाची मोजणी तिथूनच सुरू होते.